ठाणे-नवी मुंबईत बायकांनी गाजवलेले, जरा हटके लाइव्ह कार्यक्रम कुठे बघता?

मासुंदाकाठची

लोकहो, थोडी मदत हवीये आणि थोडं मन मोकळं करायचंय, त्यामुळे पोस्ट लांबेल, चहा घेऊन बसा.

मला लाइव्ह बघायचं व्यसन आहे. टीव्हीवर, फोनवर कितीही भारी लावा, माझं लक्ष भाजीकडे नाहीतर व्हॉट्सॅपकडे जातं, पण समोर माणूस घाम गाळत गातोय, वाजवतोय म्हटलं की मी पाणी प्यायलाही उठत नाही. आणि स्टेडियमवाले कार्यक्रम माझे नाहीत. जानेवारी २०२५ मध्ये कोल्डप्ले नेरूळला डी. वाय. पाटीलला आले तेव्हा अर्धं ऑफिस गेलं होतं, सगळ्यांचे चमकत्या रिस्टबँडचे व्हिडिओ बघून झाले, मजा आलीच असणार, पण गाणारा नखाएवढा दिसणार आणि खरा बघायचा तो स्क्रीनवरच, मग घरचाच टीव्ही काय वाईट होता.

मला आवडतं ते छोट्या हॉलमधलं, थोडं विचित्र, जाहिरात वाचून नक्की काय होणार ते कळू नये असं. आणि मागे वळून बघितलं तर जे जे डोक्यात राहिलं त्यात सूत्रं बाईच्या हातात होती. भूषण कोरगावकर आणि सावित्री मेधातुल यांचा लावणीवरचा कार्यक्रम 'संगीत बारी' बघितला आणि लावणी म्हणजे आपल्याला वाटत होतं ते नव्हेच हे कळलं. त्यानंतर जिथे बैठकीची लावणी असेल तिथे जायला लागले. अशाच एका बैठकीत एक बाई नुसत्या बसून एकच ओळ परत परत म्हणत होत्या. नाच नाही, उठणं नाही, एक पाय मुडपून बसलेल्या, पदर मांडीवर. एकदा लाडात म्हटली, एकदा रुसून, एकदा शेजारणीची चुगली केल्यासारखी, मग पुढच्या रांगेतल्या एका चष्मेवाल्याकडे बघून म्हटली. तो इतका लाजला की चष्मा काढून रुमालाने पुसायला लागला. बाईंनी ते तिथल्या तिथे उचललं, पुढच्या वेळी ओळ म्हणताना दोन बोटांनी हवेतला चष्मा पुसला आणि फुंकर मारली. हॉल नुसता फुटला. हे रेकॉर्डिंगमध्ये कसं येणार सांगा, चष्मेवाला रोज वेगळा.

दुसरं टोक म्हणजे 'वाइल्ड वाइल्ड वीमेन', मुंबईच्या मुलींचा हिपहॉप ग्रुप, मराठी, हिंदी आणि आणखी कुठल्या कुठल्या भाषांत रॅप करतात. मला रॅपमधलं ओ की ठो कळत नाही, पण एकीचं संपायच्या आत दुसरी माईक ओढून घेते आणि तिसरी मागून ओरडून तिची ओळ पुरी करते, ते बघताना मी खुर्चीवर उभी होते. वय विचारू नका.

अडचण एकच, हे सगळं बघायला दरवेळी पृथ्वी नाहीतर ऑपेरा हाऊस नाहीतर परळ. येताना दादरहून स्लो, मग ठाण्यात उतरून रिक्षाची लाइन, नवरा फोनवर "कुठे पोचलीस" करतोय.

तर प्रश्न असा की ठाणे, कळवा, ऐरोली, वाशी, बेलापूर, खारघर, फार तर पनवेल, या पट्ट्यात असं काय होतं? वाद्यं समोर वाजली पाहिजेत, ट्रॅक लावून ओठ हलवणं नको. आणि कृपा करून 'खेळ पैठणीचा' सांगू नका, आमच्या सोसायटीत दर नवरात्रात असतो, माईक एका भावोजींच्या हातात आणि बायका फुगे फोडतायत. ज्यांना आवडतो त्यांना आवडो. कराओके क्लबही नको, तिथे माझी नणंद जाते.

---

तिसरी घंटा

आयडीवरून तर तू तलावपाळीला, मासुंदा तलावाशी राहतेस, म्हणजे गडकरी रंगायतन तुझ्या पायाशी, आणि तू आम्हाला विचारतेस होय!

थट्टा सोड. गडकरी १९७८ पासून आहे, मधे दुरुस्तीसाठी बरेच महिने बंद होतं त्यात ठाणेकरांची चालत नाटकाला जायची सवय मोडली. पोखरण रोडकडे काशिनाथ घाणेकर नाट्यगृह आहे, तिथे मोठ्या हॉलबरोबर एक मिनी थिएटरही आहे आणि तुझ्यासारखीचं काम खरं तिथेच होणार. वाशीला विष्णुदास भावे, पनवेलला वासुदेव बळवंत फडके. आता या चारही ठिकाणी शनिवार-रविवारचे स्लॉट मोठी विनोदी नाटकं घेऊन जातात. हटके काहीतरी असेल तर ते आडवारी, नाहीतर दुपारी. आणि तिकिटालय, बुकमायशो दोन्ही बघत जा, पण त्याच्यावर विसंबू नकोस, कारण हॉल एखाद्या मंडळाने घेतला असेल तर तो कार्यक्रम ॲपवर कशाला येईल, तो नाट्यगृहाच्या बाहेरच्या बोर्डावर लिहिलेला असतो. मी भाजी आणायला जाताना वाट वाकडी करून बोर्ड वाचून येतो, बायको म्हणते तुला तिथेच नोकरी मिळेल. शास्त्रीय ऐकत असशील तर महापालिकेचा पं. राम मराठे संगीत समारोह दरवर्षी होतो, त्यात गायिका, वादक बायका असतातच, त्याची तारीख मात्र पेपरात बघावी लागते.

लावणीचं सांगतो. जाहिरात नीट वाचायला शीक. नुसते नटलेल्या मुलींचे फोटो आणि 'दिलखेचक अदा', 'धमाका' वगैरे असेल तर नव्वद टक्के ट्रॅक. खाली बारीक अक्षरात ढोलकीवाल्याचं, पेटीवाल्याचं, गायिकेचं नाव छापलंय? मग डोळे मिटून तिकीट काढ. आणि प्लॅन उघडल्या उघडल्या, म्हणजे तिकीटविक्री सुरू होताच खिडकीवर जा, तिसरी-चौथी रांग माग. पहिली घेऊ नकोस, स्टेजची उंची जास्त असते, पाय दिसत नाहीत आणि लावणीत पाय दिसले नाहीत तर काय बघितलंस.

'फक्त महिलांसाठी' लावणीचे प्रयोगही असतात, दुपारचे. मला अर्थातच आत सोडत नाहीत पण बायकोला आणायला गेलो होतो तेव्हा बाहेर उभं राहून ऐकलं. आतून ज्या शिट्ट्या येत होत्या त्या ऐकून डोअरकीपर मला म्हणाला, साहेब, पुरुषांच्या प्रयोगाला एवढा आवाज नसतो. बायको बाहेर आली तर केस सुटलेले, पर्स मैत्रिणीकडे, चप्पल तुटलेली. काय झालं विचारलं तर सांगत नाही अजून.

---

उगाच विचारलं

एक शंका. चांगलं गाणं ते चांगलं गाणं, त्यात बाईने गायलं की बाप्याने काय फरक पडतो? 'बायकांनी गाजवलेले' असा वेगळा डबा कशाला? लताबाई, आशाबाई, किशोरीताई यांना कोणी बायका म्हणून ऐकत नाही. भांडायला आलेलो नाही, खरंच विचारतोय.

---

चौफुलाप्रेमी

@उगाच विचारलं, आयडी शोभतो तुम्हाला, पण प्रश्न बरोबर आहे, म्हणून नीट उत्तर देतो.

गाणारी बाई आपल्याला नवीन नाही. पण ठरवणारी कोण? हिराबाई बडोदेकर बघा. तिकीट लावून जाहीर मैफली करणाऱ्या पहिल्या बायकांमध्ये त्यांचं नाव येतं, तोपर्यंत घरंदाज माणसं बाईचं गाणं असं उघड ऐकायला जायची नाहीत. त्यांनी स्वतःची नाटक कंपनीही काढली, तेही जेव्हा स्टेजवर स्त्रीची भूमिका पुरुषच करायचे आणि लोकांना तीच आवडायची. किंवा तबला घ्या. अनुराधा पाल अल्लारखाँसाहेब आणि झाकीरभाईंच्या शिष्या, त्यांनी १९९६ मध्ये 'स्त्री शक्ती' नावाचा सगळ्या बायकांचा तालवाद्यांचा ग्रुप उभा केला. कौशिकी चक्रवर्तींच्या 'सखी' या बायकांच्याच ग्रुपमध्ये तबल्यावर सावनी तळवलकर, पखवाजावर महिमा उपाध्याय, बासरी देबोप्रिया चॅटर्जी, व्हायोलिन नंदिनी शंकर. समोर बसून ऐकलं की सूर-ताल तेच असतात हो, पण स्टेजवर कोण कोणाकडे बघून मान हलवतं, सम कोण दाखवतं, मधेच हसून कोण कोणाला डिवचतं, ते सगळं बदलतं. लाइव्ह बघणाऱ्याला ते दिसतं. सीडी ऐकणाऱ्याला नाही दिसणार.

आता माझ्या विषयावर येतो. मी पनवेलला असतो पण जमेल तेव्हा पुणे-सोलापूर रोडला चौफुल्याला जातो, कधी मोडनिंबपर्यंत. घरी सगळ्यांना माहितेय, लपवाछपवी नाही. तिथे कलाकेंद्रात एकाच जागी अनेक पार्ट्या, म्हणजे लावणी गाणाऱ्या-नाचणाऱ्यांचे संच असतात आणि एकामागून एक स्टेजवर येतात. प्रत्येक पार्टीची मालकीण बाई. नाव तिचं, हिशोब तिचा, पेटीवाला-ढोलकीवाला तिने ठेवलेला, कुठल्या पोरीने कधी उभं राहायचं, कुठली लावणी काढायची, कोणाला हसून बाहेरचा रस्ता दाखवायचा, सगळं तीच बघते. तमाशाचा फड वेगळा, तिथे वग असतो, सोंगाड्या असतो, तंबू असतो. हे गाणं-नाचणं-अदा एवढ्यावर उभं असलेलं. बायका चालवतात म्हणून सगळं गोड आहे असं अजिबात नाही, आयुष्यं फार कष्टाची आहेत, लोकांना कला हवी असते पण त्या बाईला भाड्याने घर द्यायचं म्हटलं की तोंडं फिरतात. पण कारभार कोणाच्या हातात आहे एवढंच विचाराल तर मला आख्ख्या महाराष्ट्रात असं दुसरं उदाहरण चटकन आठवत नाही.

एक मात्र खटकतं. एवढं सगळं बाईचं, पण ढोलकी अजूनही जवळजवळ सगळीकडे पुरुषाच्याच हातात. एखादी पोरगी ढोलकीला बसलेली दिसली तर मी पनवेल ते मोडनिंब चालत जाईन.

आणि लावणी गायिका यमुनाबाई वाईकर. १९१५ चा जन्म, पद्मश्री मिळाली २०१२ मध्ये, हिशोब करा वय किती ते. २०१८ मध्ये गेल्या. त्यांच्या म्हातारपणच्या बैठकींचे व्हिडिओ आहेत, नुसती मान तिरकी केली की पुढच्या रांगा घायाळ. मासुंदाकाठच्या ताईंनी चष्मेवाल्याचं लिहिलंय ते यांच्याच घराण्यातलं समजा, गळा एक वेळ थकेल पण नजर थकत नाही.

---

घणसोलीकर

सगळे नाट्यगृहं सांगतायत, मी नाट्यगृहाबाहेरचं सांगतो. तुम्ही ज्या नवी मुंबईत कार्यक्रम शोधताय ती आमची गावं आहेत, घणसोली, कोपरखैरणे, तळवली, करावे, दिवाळे, बेलापूर. आणि आमच्याकडे बायकांचं गाणं तिकिटावर नाही, हळदीला असतं.

धवलारीण ऐकलीय का कोणी? आगरी लग्नात पूर्वी भटजी नसायचा, लग्न धवलारीणच लावायची. गाण्यात. मांडव, देवक, तेलवण, हळद, प्रत्येकाचा धवला, म्हणजे लग्नाचं गाणं वेगळं, आणि हे सगळं तिच्या डोक्यात, वही नाही काही नाही. माझ्या चुलतभावाच्या हळदीला जी बाई होती ती साठीच्या पुढची, कपाळभर कुंकू, मांडीवर तांदळाचं ताट घेऊन बसली आणि एकेका देवाचं नाव घेऊन लग्नाला बोलवायला लागली. गावदेवी ये, एकवीरा ये, मग घरातले गेलेले म्हातारे एकेक करून, आज्या, आज्याचा भाव, कोणाला विसरली नाही. वाद्य कुठलंच नाही, मागे दोघीतिघी ओळ उचलून धरणाऱ्या. चाल एकच वाटते पण पाचव्या मिनिटाला अंगावर काटा येतो, शपथ. माझी मोठी काकी रडत होती कारण तिच्या मेलेल्या सासऱ्याला पण आमंत्रण गेलं.

आणि बरोबर तेव्हा बाहेर बेंजोवाल्यांनी साऊंड चेक सुरू केला. पोरं म्हणतात आता आटपा. धवलारीण काय उठली नाही, उलट आवाज चढवला. एक पोरगा सांगायला आला तर तिने त्याचंच नाव घालून एक ओळ गायली, तो लाजून पळाला. मला नंतर काकी सांगत होती की हिच्यानंतर हिच्या घरात कोण शिकलेलं नाही. आता बऱ्याच लग्नात भटजीपण असतो, धवलारीणपण असते आणि डीजेपण, तिघं आपापली वेळ वाटून घेतात.

ज्यांना वाचनाची आवड आहे त्यांना महदंबेचे धवळे माहीत असतील, तेराव्या शतकातले, शाळेत आम्हाला आद्य मराठी कवयित्री म्हणून होत्या. मी वर्गात हात वर करून बोललो बाई हे आमच्याकडे अजून गातात, तर बाई बोलल्या खाली बस.

---

फुगडीवाली काकू

मी सहसा फक्त वाचते, पण 'खेळ पैठणीचा' नको म्हणालीस ना बाळा, त्यावरून लिहायला बसले. तुझं बरोबर आहे गं. पण आमची मंगळागौर त्याच्यात मोजू नकोस.

आमचा ग्रुप आहे नौपाड्यात, सगळ्या चाळिशी ते पासष्ट. श्रावणात तर विचारू नकोस, एका दिवशी दोन-दोन कार्यक्रम, पण आता वर्षभर बोलावतात, डोहाळजेवणाला, केळवणाला, ज्येष्ठ नागरिक संघाला. लोकांना वाटतं बायका जमल्या, नऊवारी नेसल्या, उड्या मारल्या. अगं गात गात नाचायचं असतं! पिंगा घालताना कंबरेत वाकून गरागरा फिरायचं आणि ओळ तुटू द्यायची नाही, ज्याने केलंय त्यालाच कळेल. बसफुगडीला मांड्या भरून येतात. लाट्या, गोफ, आगोटा-पागोटा, किस बाई किस, अठुडं गठुडं, कोंबडा, असे शंभराच्या वर खेळ सांगतात, आमच्या ग्रुपला त्यातले निम्मे येतात. गोफ विणताना एकीचा पाय चुकला की सगळ्या वेण्या अडकतात आणि ते उलटं सोडवायचं, तेही गाणं न थांबवता. आणि सासू-सुनेच्या भांडणाच्या गाण्यात तर आमची एक मैत्रीण स्वतःच्या सासूच्या लकबी घालते, सासूबाई पहिल्या रांगेत बसून हसतात, त्यांना अजून कळलेलं नाही. किंवा कळलंय.

आता गाऱ्हाणं. आम्ही सुपारी घेतो, म्हणजे मानधन घेतो, ते सांगितलं की समोरच्यांची भुवई वर जाते. एका मंडळाने आम्हाला दीड तास नाचवलं, शेवटी एकेकीला ब्लाऊजपीस आणि नारळ, वर म्हणाले, काकू तुम्ही तर हौशी. हौशी तर आहोतच हो. पण ढोलकीवाला मुलगा आम्ही पैसे देऊन आणतो, टेम्पो ट्रॅव्हलर हौसेवर येत नाही आणि गुडघ्यांचा डॉक्टरही हौसेवर तपासत नाही. त्याच स्टेजवर आमच्यानंतर ऑर्केस्ट्रा होता, त्यांना ॲडव्हान्स दिला होता. तेव्हापासून आम्ही पण निम्मे आधी घेतो. बोलावणी कमी झाली का, तर नाही.

आणि @चौफुलाप्रेमी, ढोलकी शिकणारी मुलगी आमच्याकडे आहे. माझीच भाची. सध्या घरच्यांना डोकेदुखी आहे, पण हात चांगला पडतोय. तुम्ही चालायची तयारी करा.

---

मासुंदाकाठची

बापरे, मी मीटिंगमध्ये बसून वाचतेय आणि चेहरा गंभीर ठेवायचा प्रयत्न करतेय.

काकू, तुमचं वाचून मला तो सासूबाईंचा प्रयोग बघायचाच आहे आता. पैसे घेता ते उत्तम करता. फुकट पासवाल्यांवर माझाही राग आहे, तीन हजाराचं कोल्डप्लेचं तिकीट रांग लावून घेतात आणि घाणेकरच्या तीनशेच्या तिकिटाला "पास मिळेल का गं कोणाकडून" विचारतात.

घणसोलीकर, हे मला अजिबात माहीत नव्हतं. मी रोज वाशीला कामाला जाते, तुमच्या गावांवरून ट्रान्सहार्बर जाते, खिडकीतून फक्त टॉवर बघते.

तिसरी घंटा, ढोलकीवाल्याच्या नावाची युक्ती लिहून घेतली. एक विचारू? फोनचं काय करता तुम्ही लोक? परवा एका चांगल्या कार्यक्रमात माझ्या पुढच्या माणसाने अख्खी लावणी स्क्रीन वर धरून रेकॉर्ड केली, मी ती त्याच्या फोनमध्येच बघितली म्हणायला हरकत नाही. सांगितलं तर म्हणाला आठवण म्हणून घेतोय.

---

तिसरी घंटा

मागून खांद्यावर टकटक करून अगदी प्रेमाने विचारायचं, "झाला का चार्ज?" शंभर टक्के फोन खाली जातो, का ते मला माहीत नाही.

---

चौफुलाप्रेमी

कलाकेंद्रात फोन काढला तर आधी बाई स्वतःच बोलते. गाणं थांबवून, नाव-गाव विचारून. एकदा बघितलंय, परत कोणी धाडस केलं नाही त्या रात्री. थिएटरमध्ये निवेदकाने सुरुवातीला विनंती करून काही होत नाही, मला वाटतं कलाकारांनाच तो अधिकार द्यावा.

ताई, अजून दोन गोष्टी यादीत घाला. एप्रिलमध्ये जयंतीच्या आसपास ऐरोली, तुर्भे, कळवा, वस्त्यावस्त्यांत भीमगीतांचे कार्यक्रम होतात, त्यात गायिकांची पार्टी असेल तर सोडू नका. कडूबाई खरात हे नाव शोधून बघा, एकतारी हातात धरून एकट्या उभ्या राहतात आणि मैदान भरून टाकतात, असा आवाज मी दुसरा ऐकलेला नाही. आणि चंदाताई तिवारींचं भारूड. पंढरपूरकडच्या आहेत, भारूड म्हणजे पूर्वी पुरुषाने साडी नेसून सोंग काढायचं, इथे बाई स्वतः उभी राहते आणि लोकांना हसवता हसवता हुंडा, दारू सगळ्याची सालटी काढते. बेलापूरला अर्बन हाटमध्ये प्रदर्शन लागलं की लोककलावाले येतात, तिथलंही वेळापत्रक बघत जा.

---

खारघरचा नॉन-रॅपर

ओके माझा नंबर. तायांनो काकूंनो, तुम्ही लोक जबरदस्त आहात, मी तेवीस वर्षांचा आहे आणि माझ्या ग्रुपमध्ये एवढी गॉसिप नाही.

इंडीवाल्यांसाठी, म्हणजे स्वतःचं संगीत स्वतः करणारे ज्यांना आवडतात त्यांच्यासाठी सांगतो, ठाण्यात आणि नवी मुंबईत कॅफेमध्ये ओपन माइक होतात, वीकडेला जास्त, इन्स्टावर कॅफेचं पेज फॉलो करायचं, दुसरा मार्ग नाही. क्वालिटी लॉटरी आहे भाई. पाच जण ब्रेकअपच्या कविता वाचणार, एक जण स्टँडअप करणार ज्यात सगळे जोक सेंट्रल लाइनवर, आणि मग एक मुलगी गिटार घेऊन येणार जी आतापर्यंत कोपऱ्यात कोल्ड कॉफी पीत बसली होती आणि ती सगळ्यांना गप्प करणार. अशा एकीने मराठी ओव्या लूप पेडलवर लावल्या होत्या, म्हणजे स्वतःच्याच आवाजाचे तीन थर आणि वर स्वतः, आजीकडून शिकलेल्या ओव्या म्हणाली. कॅफेवाल्याने मिक्सर चालू केला मधेच, मिल्कशेकची ऑर्डर होती. ती थांबली, मिक्सरचा आवाज पण लूपमध्ये घेतला आणि त्याच्यावर गायली. जात्यावरची ओवी आणि खाली मिक्सर! मी उभा राहून ओरडत होतो, पन्नासेक लोक असतील नसतील. नाव नाही सांगत, तिने अजून काही रिलीज केलेलं नाही आणि तिला विचारलेलं नाही.

ज्यांना ओव्यांमध्ये इंटरेस्ट आहे त्यांनी 'पारी' या ग्रामीण भारतावरच्या साइटवर जात्यावरच्या ओव्यांचा प्रकल्प ऐका, हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सुरू केलेला, एक लाखाच्या वर ओव्या आहेत, गाणाऱ्या बाईचं नाव-गाव सगळं दिलेलं असतं. मी लोकलमध्ये ऐकतो. बाजूचे काका एकदा एक इअरफोन मागून घेऊन तुर्भ्यापर्यंत ऐकत बसले.

परतीचं बघून जा मात्र. वाशी-ठाणे गाड्या रात्री लवकर विरळ होतात, कार्यक्रम संपला की सेल्फी काढत बसलात तर मग ॲपवाली कॅब आणि तिकिटाच्या दुप्पट भाडं.

---

उगाच विचारलं

मान्य. डबा मागे घेतो. पण एक विचारतो, पुरुषांना चालेल असं काय आहे वरच्यात? लावणी दुपारची महिलांसाठी, मंगळागौर महिलांची, हळदीला ओळख लागते. मी काय डोअरकीपरशी गप्पा मारत बाहेर उभा राहू?

---

फुगडीवाली काकू

आमच्याकडे ज्येष्ठ नागरिक संघाच्या कार्यक्रमाला पुरुष असतात हो. या, पण मागच्या रांगेत बसून मोबाइल बघायचा नाही. आणि शेवटच्या फुगडीला आम्ही प्रेक्षकांतून एकाला ओढतो. तब्येत बरी आहे ना तुमची?

---

घणसोलीकर

ओळख कशाला लागते, झाली की आता. तुळशीचं लग्न झालं की आमच्याकडे हळदीच हळदी. माझ्या मावसबहिणीची आहे, मी विचारून ठेवलंय, धवलारीण येणार म्हणाले. मासुंदाकाठच्या ताई, तुम्ही, नवरा, उगाच विचारलं साहेब, सगळे या की आमचेकरं. अट एवढीच, संध्याकाळी लवकर यायचं, नऊ वाजता आलात तर फक्त डीजे मिळेल. आणि जेवायला मटण असतं, चालतं ना?

---

मासुंदाकाठची

चालतं?? घरातून निघताना उपाशी निघतो. पत्ता मेसेज करा.